बचाव करून बसलेल्या खेळाडूला हरवायचे कसे: तयारीपासून शेवटच्या ब्रेकपर्यंत

गोव्यात पेडणे असो, फोंडा असो की मडगाव, खुल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर हॉलबाहेर एक तक्रार हमखास कानावर पडते: "तो काही खेळलाच नाही, नुसता बसून राहिला, आणि तरी मी हरलो." स्कोअरशीट पाहिली की कथा बहुधा तीच असते. वीस-बावीस चालींपर्यंत स्थिती उत्तम. मग कंटाळा येतो, एखादे प्यादे घाईने पुढे ढकलले जाते आणि दहा चालींत आक्रमण करणाऱ्याचाच राजा उघडा पडतो. यात प्रतिस्पर्ध्याची करामत थोडी आणि आपला चुकलेला क्रम जास्त. स्थिती फोडणे हे शेवटचे काम. बहुतेक जण ते सर्वांत आधी करतात.

खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्यायचे. चालींची नोंद वाचता येते आणि क्लासिकल वेळेचे थोडेफार डाव खेळून झाले आहेत, असे गृहीत धरले आहे.

## १. समोरचा कोणत्या जातीचा बचाव करतो ते ओळखा

सगळे बचावखोर सारखे नसतात. तीन प्रकार वारंवार भेटतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नुकसान होते.

मारामारी करणारा. दिसेल ती सोंगटी बदलतो. फ्रेंच किंवा स्लाव्ह बचावात एक्स्चेंज (मधली प्यादी लगेच मारून घेण्याचा) प्रकार खेळतो, वजीर लवकर काढून टाकतो. त्याला बरोबरी हवी असते.

कवचात बसणारा. प्यादी तिसऱ्या ओळीच्या पलीकडे नेतच नाही. काळ्याकडून ए६, बी६, डी६, ई६ अशी प्यादी मांडली की ते हेजहॉग. त्यात जी६, एच६ही आली, उंट बी७ आणि जी७वर, घोडे डी७ आणि ई७वर बसले की हिप्पो. हा वाट पाहतो. तुम्ही पुढे आलात की मागून फोडतो.

कुलूप लावणारा. केंद्र बंद करून टाकतो. डच स्टोनवॉल हे ठरलेले उदाहरण: काळ्याची प्यादी सी६, डी५, ई६, एफ५.

तो असा का खेळतो, हेही समजून घ्या. रेटिंगचा हिशोब त्याच्या बाजूने असतो. स्वतःपेक्षा २०० गुणांनी वरच्या खेळाडूशी बरोबरी केली, तर के-गुणक (रेटिंग किती वेगाने बदलते तो आकडा) २० असलेल्याला साधारण ५ गुण मिळतात आणि के-गुणक ४० असलेल्या मुलाला साधारण १०. म्हणजे अर्धा गुण हे त्याच्यासाठी चांगले फळ आहे, आणि तो त्यासाठी पाच तास बसायला तयार आहे. तुमची तेवढी तयारी आहे का, हा पहिला प्रश्न.

तपासा: आठव्या-दहाव्या चालीपर्यंत तो कोणत्या प्रकारात बसतो ते मनात ठरलेले असावे. ठरत नसेल तर निदान एवढे पाहा: त्याच्या किती सोंगट्या मधली रेषा ओलांडू शकतात?

## २. पटावर बसण्याआधी

रेटेड स्पर्धेत जोड्या आदल्या रात्री किंवा सकाळी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर लागतात. प्रतिस्पर्ध्याचे डाव मिळाले तर ओपनिंग पाठ करत बसू नका. दोनच गोष्टी पाहा: तो वजीर किती लवकर बदलतो, आणि हरलेले डाव कोणत्या टप्प्यात हरला. बचावखोर बहुधा एंडगेममध्ये (थोड्याच सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) किंवा घड्याळावर हरतो. एका दिवसाच्या रॅपिड स्पर्धेत एवढा वेळ नसतो. तिथे आपला डाव संपल्यावर बाहेर चहाला पळण्याऐवजी पुढच्या संभाव्य प्रतिस्पर्ध्याचा पट दोन मिनिटे पाहून या.

आणखी एक साधी गोष्ट. हे डाव लांबतात. दुपारच्या फेरीआधी भरपेट शीतकडी आणि तळलेली सुंगटे खाऊन पंख्याखाली बसलात तर तिसाव्या चालीला झोप तुम्हाला येईल, त्याला नाही.

ओपनिंग निवडताना गँबिट (सुरुवातीलाच प्यादे देऊन हल्ला मिळवणे) टाळा. बचाव करणाऱ्याला एक प्यादे जास्त देणे म्हणजे त्याच्या आवडीचे काम त्याला पगारासकट देणे. हवी आहे ती असमानता: दोन्ही बाजूंची प्यादी वेगळी, राजे शक्य तर वेगवेगळ्या बाजूंना.

काळ्याकडून फ्रेंच खेळणाऱ्यांना याचा रोज अनुभव येतो. १. ई४ ई६ २. डी४ डी५, आणि पांढरा ३ऱ्या चालीला डी५ मारून मोकळा होतो. तुम्ही ई६च्या प्याद्याने परत मारता, आणि पट आरशासारखा सारखा दिसू लागतो. इथेच पुष्कळ जण वैतागतात. त्याऐवजी ४. उंट डी३ घोडा सी६ ५. सी३ उंट डी६ ६. घोडा एफ३ घोडा जीई७ ७. ०-० उंट जी४ असे खेळा. पुढे वजीर डी७ आणि वजिराच्या बाजूला कॅसलिंग. प्यादी अजून सारखीच आहेत, पण राजे समोरासमोर राहिले नाहीत, आणि शांत डाव खेळायला आलेल्याला आता प्रत्येक चाल मोजावी लागेल.

सावधान: असमानता म्हणजे वेडेपणा नव्हे. केवळ बरोबरी टाळायला जी५, एच५ ढकलून स्वतःची प्यादी सैल केलीत तर त्याला आयते लक्ष्य मिळते.

## ३. त्याचे ब्रेक मोजा आणि आधी तेच बंद करा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो, आणि माझ्या मते निम्मे डाव इथेच ठरतात.

ब्रेक म्हणजे समोरच्या प्याद्याला भिडून साखळी उघडणारी प्याद्याची चाल. कवचात बसलेल्याची सगळी ताकद त्यात साठलेली असते. हेजहॉगमध्ये काळ्याचे ब्रेक बी५ आणि डी५. कधी कधी राजा एच८वर, हत्ती जी८वर नेऊन जी५सुद्धा. तेव्हा पांढऱ्याने "मी हल्ला कुठे करू" याआधी "बी५ आणि डी५ आज चालतात का" हे विचारायचे. सी४चे प्यादे आणि सी३चा घोडा दोन्ही घरांवर लक्ष ठेवतात, ई२ किंवा एफ१चा उंट बी५च्या दिशेला असतो, डी१चा हत्ती डी५ महाग करतो. यातला एकही पहारेकरी हल्ल्यासाठी पळवला की ब्रेक येतो, आणि मागे दबलेल्या सगळ्या सोंगट्या एका चालीत जिवंत होतात.

हिप्पोविरुद्ध क्रम असा: ई४, डी४, घोडे सी३ आणि एफ३वर, उंट ई३, वजीर डी२, दुसरा उंट ई२ किंवा डी३, कॅसलिंग, मग बी५ रोखायला ए४ आणि जी५-जी४ सतावू नये म्हणून एच३. वजीर आणि उंट मिळून एच६वर रोखलेले असतात. काळ्याने आधी एच६ सावरायची सोय न करता कॅसलिंग केले, तर एच८चा हत्ती हलतो आणि एच६चे प्यादे पडते. म्हणून त्याचा राजा मध्येच रेंगाळतो. तुम्हाला हवे ते मिळाले. आता ई५ किंवा डी५ लगेच ढकलू नका. ई५ला तो डी५ खेळून केंद्र बंद करतो, डी५ला ई५. दोन्हीकडे तुमची जागा गोठते. १९६६च्या विश्वविजेतेपद लढतीत आव्हानवीर स्पास्कीने विश्वविजेत्या पेट्रोसियनविरुद्ध काळ्याकडून ही मांडणी दोनदा लावली आणि दोन्ही डाव बरोबरीत सुटले. तेव्हा ती एका चालीत फुटत नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

तपासा: त्याचे ब्रेक स्वतःशी मोजा. प्रत्येकाला "आत्ता खेळला तर मी काय करतो" याचे उत्तर हवे. एकालाही उत्तर नसेल तर पुढच्या टप्प्यावर जायचे नाही.

## ४. सर्वांत निकामी सोंगटी शोधा

चाल सुचत नाही तेव्हा पुढे जाण्याऐवजी मागे पाहा. आपली कोणती सोंगटी काहीच करत नाही? तिला चांगल्या घरावर न्यायला तीन-चार चाली लागल्या तरी चालेल, कारण समोरचा बसलेला आहे. बसलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वेळ स्वस्त असतो, आणि हीच एक गोष्ट तो तुम्हाला फुकट देतो.

बंद स्थितीत यात राजाही धरा. १९६०च्या हॅम्बर्गमधल्या डावात पेट्रोसियनने जर्मन ग्रँडमास्टर उनझिकरविरुद्ध राजा जी१वरून चालवत थेट वजिराच्या बाजूला नेला, आणि मगच राजाच्या बाजूला फोडायला सुरुवात केली. जिथे फोडायचे तिथून स्वतःचा राजा आधी हलवला, एवढेच. आपल्याकडची मुले नेमके उलट करतात: जी४ आधी, आणि राजा उघडा पडल्यावर पळापळ.

## ५. काय बदलायचे, काय ठेवायचे

मारामारी करणाऱ्याविरुद्ध हा टप्पा निर्णायक. नियम सोपा आहे, पाळणे अवघड.

जागा तुमच्याकडे जास्त असेल तर सोंगट्या ठेवा. तीन ओळींत सात सोंगट्या कोंबलेल्या माणसाला प्रत्येक अदलाबदलीनंतर मोकळा श्वास मिळतो. तो घोडा डी५वर आणून बदल मागेल तेव्हा घोडा मागे न्यायला लाजू नका.

पण "काहीच बदलू नका" हाही गैरसमज. त्याची चांगली सोंगटी बदला, वाईट सोंगटी त्याच्याकडेच राहू द्या. स्टोनवॉलमध्ये काळ्याची प्यादी पांढऱ्या घरांवर असतात, म्हणून सी८चा उंट अडकलेला आणि डी६चा उंट मोलाचा. पांढऱ्याने बी३ खेळून उंट ए३वर आणायचा आणि डी६चा उंट काढून टाकायचा. तो वजीर ई७वर ठेवून ए३ रोखेल. तर आधी ए४ खेळा, मग उंट ए३. तो उंट गेला की ई५ हे तुमच्या घोड्याचे कायमचे घर, कारण तिथे हुसकावायला काळ्याकडे प्यादेच उरत नाही. पुढे एफ३ आणि ई४ हा ब्रेक सावकाश तयार करता येतो.

वजिरांबद्दल वेगळे लिहायला हवे. बचावखोराला वजीर बदलला की सुटल्यासारखे वाटते आणि आपल्याला जिंकण्याची आशा गेल्यासारखी वाटते. दोन्ही भावना बऱ्याचदा चुकीच्या. त्याची प्यादी कायमची दुखावलेली असतील तर वजीर खुशाल बदला; त्याच्या प्रतिहल्ल्याचे शेवटचे हत्यार गेले. दुखणे त्याच्या राजाभोवती असेल तर मात्र वजीर जपा.

सावधान: दोघांकडे एकेकच आणि वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचा उंट उरेल अशा बदलापासून लांब राहा. बाकी काही नसेल तर दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटू शकतो. हत्ती किंवा वजीर पटावर असतील तर गोष्ट उलटते: तसे उंट हल्ला करणाऱ्याला मदत करतात, कारण त्याच्या घरांचा बचाव समोरच्या उंटाला करता येत नाही.

## ६. एक दुखणे पुरत नाही, दुसरे तयार करा

खाजन (खाडीकाठच्या) शेतीचा बांध कुठे फुटतो हे गोव्यात सांगायला नको. जिथे माती चोपून घातली तिथे नाही. कुर्ल्यांनी बिळे केली तिथे, आणि एका बिळाकडे माणसे धावलेली असताना दुसरीकडून. पटावर तसेच. एका कमकुवत प्याद्याला चार सोंगट्या सांभाळू शकतात. दोन दूरच्या जागांना त्या पुरत नाहीत, कारण त्याच्याकडे जागा कमी आहे आणि इकडून तिकडे जायला त्याला जास्त चाली लागतात.

शिकायला सर्वांत चांगली रचना वजिराच्या गँबिटमधल्या एक्स्चेंज प्रकाराची (नावात गँबिट असले तरी इथे प्यादे गमवायचे नसते). पांढऱ्याची प्यादी डी४, ई३. काळ्याची सी६, डी५. सी फाईल (उभी ओळ) पांढऱ्याला अर्धी उघडी, म्हणजे तिथे त्याचे प्यादे नाही. वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे दोन प्यादी, काळ्याकडे तीन. तरी पांढराच तिथे चाल करतो:

१. हत्ती बी१.
२. बी४. काळ्याने ए५ने अडवायचे ठरवले असेल तर आधी ए३.
३. ए४ आणि मग बी५.
४. सी६वर मारायचे. काळ्याने बी७च्या प्याद्याने परत घेतले की सी६चे प्यादे मागे पडलेले आणि एकटे.

इथवर पुष्कळ जण येतात. मग सगळे सी६वर लावतात, काळाही सगळे सी६वर लावतो, आणि पंधरा चालींनी हस्तांदोलन. चूक इथे आहे. सी६वर दाब ठेवायचा, पण पकडायला धावायचे नाही. त्याचे हत्ती आणि वजीर तिथे बांधले गेले की राजाच्या बाजूला दुसरे दुखणे शोधायचे: एच४-एच५ ढकलून जी किंवा एच प्यादे सैल करणे, नाहीतर ई४ने केंद्र उघडणे. मग पुन्हा सी६. पुन्हा राजा. तो एका चालीने उशिरा पोहोचेपर्यंत.

१९७४च्या नीस ऑलिम्पियाडमध्ये पुढे विश्वविजेता झालेल्या कार्पोव्हने हेच वेगळ्या प्रकारे केले, आणि समोर योगायोगाने पुन्हा उनझिकरच होता. ए फाईल उघडलेली, दोघांचेही हत्ती तिथे. सगळे हत्ती मारले गेले असते तर काळा सुटला असता. कार्पोव्हने २४व्या चालीला उंट ए७वर नेऊन ठेवला. त्या उंटाने फाईल झाकली, त्यामागे पांढऱ्याला हत्ती निवांत मांडता आले, आणि काळा त्या बाजूला डांबला गेला. निकाल लागला तो राजाच्या बाजूला.

तपासा: दोन दुखण्यांमधले अंतर किती? डी६ आणि सी६ ही दोन नव्हेत, एकच. निदान तीन-चार फाईलींचे अंतर हवे.

## ७. आता फोडा

फोडण्याची वेळ आली हे कसे कळते? तीन प्रश्न विचारा, आणि तिन्हींची उत्तरे बाजूने असतील तरच प्यादे ढकला.

फाईल उघडल्यावर तिथे पहिली सोंगटी कोणाची पोहोचते? तुमची नसेल तर हत्ती आधी त्या फाईलवर आणा, प्यादी बंद असतानाच.

त्याला शेजारून पुढे निघून जाऊन कुलूप लावता येते का? येत असेल तर तो ब्रेक नव्हे, त्याला दिलेली भेट. दुसरा ब्रेक शोधा, किंवा तणाव तसाच ठेवून त्याला आधी मारायला लावा. एकमेकांना भिडलेली प्यादी लगेच मारून टाकण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तणाव सहन करायला शिका. बचावखोराला तो तुमच्यापेक्षा जास्त टोचतो, कारण दरवेळी दोन्ही शक्यता त्याला मोजाव्या लागतात.

फोडल्यावर माझा राजा कुठे आहे?

कधी कधी पट पूर्ण बंद असतो आणि प्याद्याचा ब्रेक उरतच नाही. तेव्हा सोंगटी देऊन फोडावे लागते: घोडा देऊन तीन जोडलेली प्यादी, किंवा हत्ती देऊन त्याचा एकमेव चांगला उंट. याचा हिशोब शेवटपर्यंत न लागला तरी एवढे पाहा की सोंगटी दिल्यावर त्याच्याकडे ब्रेक आहे का. नसेल तर धोका मर्यादित आहे.

सावधान: ब्रेक आणि कंटाळा यांत फरक करा. "काहीतरी व्हायला हवे" असे वाटले की उठा, पाणी प्या, परत येऊन तीन प्रश्न पुन्हा विचारा.

## ८. एंडगेममध्ये घाई नाही

थोडा फायदा घेऊन एंडगेममध्ये आलात तर बचावखोर खरा थकतो. राजा मध्यभागी आणा, त्याचा प्रतिहल्ला आधी मारा, मग पुढे जा. दोन्ही बाजूंना प्यादी राहतील असे पाहा. हत्तीच्या एंडगेममध्ये सगळी प्यादी एकाच बाजूला, चारास तीन अशी उरली तर सहसा बरोबरीच. पहिले प्यादे मिळताच सगळी बदलाबदली करणारे नेमके तिथे जाऊन अडकतात. २०२१च्या दुबईतल्या विश्वविजेतेपद लढतीत कार्लसनने नेपोम्नियाशीला सहाव्या डावात १३६ चालींनी हरवले. प्रत्येक डाव तेवढा लांबवायला नको, पण साठाव्या चालीला "आता काय होणार" म्हणून हात पुढे करायचीही गरज नाही.

## ९. घड्याळ आणि नियम

९० मिनिटे अधिक चालीमागे ३० सेकंद या वेळेत ४० चालींनी तुम्हाला २० मिनिटे जास्तीची मिळतात. पंचविसाव्या चालीला हातात अर्धा तास तरी ठेवा, कारण ब्रेकची गणिते त्यानंतर येतात. त्याच चाली एकदा पुन्हा खेळून सेकंद जमवणे ठीक. तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ देऊ नका. तो बरोबरीचा दावा करेल आणि तो दावा योग्य असेल. बंद पटावर ५० चालींचा नियमही (तेवढ्या चालींत प्यादे हलले नाही, काही मारले गेले नाही तर बरोबरीचा दावा) ध्यानात ठेवा. प्याद्याची चाल किंवा मार झाला की मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून प्याद्याच्या एक-दोन चाली राखून ठेवा, सगळ्या आधीच उधळू नका.

त्याने ड्रॉ विचारला तर उत्तर द्यायची घाई नाही. आपली चाल शोधा. खेळायच्या हेतूने सोंगटीला हात लावला की प्रस्ताव आपोआप नाकारला जातो. तो दर तीन चालींनी विचारत असेल तर वाद न घालता घड्याळ थांबवून आर्बिटरला (पंचाला) बोलवा. वारंवार विचारून त्रास देणे नियमात बसत नाही. तुमच्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि तुम्हालाच बरोबरीचा दावा करायचा असेल तर ती चाल पटावर करू नका: स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा आणि आर्बिटरला सांगा. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जास्त मिळतात, आणि लिहिलेली चाल तुम्हाला खेळावीच लागते.